दमट हवेतली बर्ली : पाइपच्या रोजच्या, स्वस्त तंबाखूविषयी

पाइपच्या तंबाखूंमध्ये बर्लीचे स्थान आपल्याकडच्या उकड्या तांदळाच्या पेजेसारखे आहे. सणावाराला तिचे नाव कुणी काढत नाही, पण रोज लागते तीच. नक्षीदार डब्यांतल्या महागड्या तंबाखूंविषयी शौकीन माणसे तासन् तास बोलतात. साध्या पुडक्यातल्या बर्लीविषयी मात्र 'जीभ भाजते', 'चव लागत नाही', 'कागद जाळल्यासारखा वास येतो' अशा तक्रारीच अधिक ऐकू येतात. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात राहून गेली बारा-तेरा वर्षे बर्ली ओढल्यावर माझे मत असे झाले आहे की यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ तंबाखूच्या किमतीत नसून तिच्यातल्या ओलाव्यात आणि ओढणाऱ्याच्या घाईत असते. घाईचा उपाय ज्याचा त्याच्या हाती आहे. ओलावा मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या पाचवीला पुजलेला असल्यामुळे या लेखाचा मोठा भाग त्यानेच व्यापला आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो, हृदयविकाराचाही वाढतो, आणि 'पाइप सिगारेटपेक्षा बरा' या समजुतीवर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरुवात करू नये. जो ओढतो त्याच्यासाठीच हे लिहिले आहे. 'रोजची' म्हणजे दिवसभर ओढायची असाही अर्थ कुणी घेऊ नये. माझा नेम दिवेलागणीनंतरच्या एका वाटीचा, म्हणजे पाइपच्या खोलगट तोंडात एकदा भरेल तेवढ्या तंबाखूचा आहे, आणि तोही अनेकदा चुकतो. कायद्याचे म्हणायचे तर 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी कुणालाही ती ओढता येत नाही. रेल्वेच्या डब्यात आणि स्थानकावरही ती मनाई लागू आहे, तेव्हा पाइप घरच्या पडवीतच बरा.

हे पान मुळात कसे असते

बर्लीचे गुण आणि खोडी या दोन्ही गोष्टी ती वाळवण्याच्या रीतीतून येतात. आज जिला पांढरी बर्ली म्हणतात तिचा आरंभ 1864 साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ब्राउन परगण्यात झाला. केंटकीहून आणलेल्या बियाण्यातून जॉर्ज वेब या शेतकऱ्याच्या वाफ्यात काही रोपे फिकट, पिवळसर, रोगट दिसणारी उगवली. ती लावून पाहिल्यावर त्यांची पाने हलकी आणि सच्छिद्र निघाली, आणि पुढे हेच वाण सर्वत्र पसरले. ही पाने उन्हात घालत नाहीत आणि भट्टीतही वाळवत नाहीत. हवेशीर कोठारात, सावलीत, ती चार ते आठ आठवडे नुसती टांगून ठेवतात. झाडापासून तुटल्यावरही पानातला जीव लगेच जात नाही. तो हळूहळू पानातली साखर खाऊन संपवतो. व्हर्जिनिया तंबाखू याच्या उलट बंद कोठीत गरम हवेने आठवड्याभरात वाळवली जाते, म्हणून तिची साखर पानातच राहते आणि धुराला गोडवा येतो.

बर्लीत साखर नसल्यातच जमा असते. म्हणून तिची चव कोरडी आणि खमंग लागते. इंग्रजीत तिला सुक्यामेव्याच्या आणि कोकोच्या उपमा देतात. मला विचाराल तर ती चुलीच्या राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्यांच्या सर्वांत जवळची आहे. साखर नसल्याचा दुसरा परिणाम असा की तिचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी धुरातले निकोटिन छातीत न घेताही तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जाते. तिसरी गोष्ट म्हणजे सच्छिद्र पान जे समोर येईल ते शोषून घेते. कारखानदार याचा उपयोग करून तिला कोको, ज्येष्ठमध, साखर यांच्या पाकात मुरवतात. आणि जुलै महिन्यात आपली हवा तेच काम फुकट करते.

काय घ्यावे

अमेरिकेत आजोबांच्या पिढीची म्हणून ओळखली जाणारी जी स्वस्त मिश्रणे आहेत, त्यांतली बहुतेक बर्लीवर उभी आहेत. प्रिन्स अल्बर्ट हे 1907 पासूनचे नाव त्यांत सर्वांत प्रसिद्ध असून कार्टर हॉल, सर वॉल्टर रॅली आणि ग्रेंजर हीही त्याच पंगतीतली आहेत. आपल्याकडे ही प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. मुंबई-पुण्यातल्या मोजक्या जुन्या तंबाखूवाल्यांकडे जे असेल त्यातून निवड करावी लागते, त्यामुळे नावापेक्षा पुडक्यावरचा मजकूर वाचावा. मुख्य पान बर्ली आहे ना, आणि वरून व्हॅनिला, चेरी, रम अशा सुगंधांचा मारा केलेला नाही ना, एवढे पाहिले म्हणजे पुरे. मारा केलेल्या तंबाखूत पान कोणते आहे हे ओढणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि अनेकदा ते कळू नये म्हणूनच तो मारा केलेला असतो.

आपल्या देशात बर्ली पिकते, विशेषतः आंध्र प्रदेशातल्या विनुकोंडाच्या परिसरात, पण ती प्रामुख्याने सिगारेटसाठी आणि निर्यातीसाठी जाते. तिच्याऐवजी निपाणीची विडीची तंबाखू पाइपमध्ये भरून पाहण्याचा मोह कोकणात हमखास होतो, कारण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तो टाळावा. ती पाइपसाठी कापलेली नसते, तिचा चुरा नळीत येतो आणि तिचा जोर चौथ्या झुरक्याला माणसाला भिंतीला टेकवून बसवतो.

कापणीचे प्रकार अनेक आहेत. बारीक दोऱ्यांसारखी कापलेली तंबाखू लवकर पेटते आणि लवकर तापते. प्रिन्स अल्बर्टसारखी चुरमुरीत, बारीक तुकड्यांची तंबाखू भरायला सोपी असून सावकाश जळते. नवख्याने तिथूनच आरंभ करावा. चौकोनी दाण्यांची मिळाली तर अवश्य घ्यावी, कारण ती सर्वांत थंड जळते, मात्र तिला पेटवायला दोन काड्या अधिक लागतात.

ओलावा

आंबापोळी वाळली की नाही हे आपल्याकडे कुणी घड्याळ लावून ठरवत नाही. ती बोटाला चिकटत नाही आणि दुमडली तर तुटत नाही, की ताटावरून सोडवायची. बर्लीची कसोटी नेमकी हीच आहे. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटे यांत दाबून सोडावी. गोळा होऊन तशीच राहिली तर ती ओली आहे. चुरचुरून भुगा झाला तर फार कोरडी आहे. सावकाश, जणू आळस देत उलगडली तर योग्य आहे. आकड्यांत सांगायचे तर पानात 12 ते 14 टक्क्यांच्या आसपास पाणी असावे, पण ते घरी मोजता येत नाही आणि बोटांना ते कळते.

ओली तंबाखू ओढली की काय होते हे समजून घेतले तर पुढची खटपट व्यर्थ वाटणार नाही. निखाऱ्याची बरीच उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, म्हणून तो सारखा विझतो. तो विझू नये म्हणून माणूस जोरजोराने ओढतो. जोराने ओढल्यामुळे वाटी तापते आणि गरम वाफ थेट जिभेवर येते. जीभ भाजते ती या वाफेने, आणि दोष जातो बिचाऱ्या पानाला.

मार्गशीर्ष ते माघ या काळात वाळवण्याचे काम सोपे असते. एका वाटीपुरती तंबाखू कागदावर पसरून घरात सावलीत वीस-पंचवीस मिनिटे ठेवली की ती तयार होते. वैशाखात तेच काम अंगणातल्या उन्हात पाच मिनिटांत उरकावेसे वाटते, पण उन्हाने वास उडून जातो आणि मागे फक्त गवत उरते. खरी परीक्षा मृगापासून हस्तापर्यंत असते. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. अशा दिवसांत तंबाखू ताटलीत उघडी ठेवली तर ती वाळत तर नाहीच, उलट हवेतले पाणी पिऊन अधिक जड होते. पहिल्या वर्षी मी रात्रभर ठेवून पाहिली होती. सकाळी तिची अवस्था दोरीवरच्या पंचापेक्षा वेगळी नव्हती.

यावर उपाय उबेचा आहे. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते आणि ती पानातले पाणी ओढून घेते. भाकऱ्या झाल्यावर उतरवलेला तवा तळहात टेकवता येईल इतका निवू द्यावा, त्यावर जाडसर कागद घालून तंबाखू पातळ पसरावी आणि आठ-दहा मिनिटांत एकदा वरखाली करावी. चूल असलेल्या घरात वैलाशेजारची जागा यासाठी उत्तम आहे, मात्र धुराचा वास लागणार नाही इतके अंतर हवे. वाळवलेली तंबाखू लगेच भरावी; पावसाळ्यात ती अर्ध्या तासात पुन्हा मऊ पडते. एक सूचना अशी की काही स्वस्त मिश्रणांत ओलावा टिकावा म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले असते आणि ती कितीही वाळवली तरी हाताला ओलसरच लागतात. तिथे बोटांची कसोटी चालत नाही. ठरावीक वेळ ऊब देऊन थांबावे आणि पहिल्या काडीला ती कशी पेटते ते पाहावे.

साठवण हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. पुडके फोडल्यावर तंबाखू ताबडतोब रबरी कडी आणि घट्ट झाकण असलेल्या काचेच्या बरणीत भरावी. चिनीमातीची, दादरा बांधायची बरणी दिसायला शोभिवंत असली तरी तिच्यातून हवा खेळते, म्हणून ती निरुपयोगी. लोणच्याची काचेची बरणी धुऊन, उन्हात घालून वापरण्याची काटकसर मी केली होती, आणि पुढचे दोन महिने माझ्या बर्लीला हिंग-मेथीची फोडणी होती. एकाच मोठ्या बरणीपेक्षा लहान चार बरण्या बऱ्या. रोज एकच उघडते आणि बाकीच्या तीन पावसाला तोंड दाखवत नाहीत.

पानावर पांढरे काही दिसले तर नीट पाहावे. साखर असलेल्या जुन्या व्हर्जिनियावर कधी कधी बारीक, चमकणारे स्फटिक येतात आणि ते निरुपद्रवी असतात. बर्लीत साखरच नसल्याने तिच्यावरचा पांढरेपणा बुरशीचा असण्याचीच शक्यता अधिक. बुरशी कापसासारखी तंतुमय असते आणि तिला बंद माजघराचा कुबट वास येतो. अशी तंबाखू वरचा भाग काढून किंवा वाळवून वापरू नये, सगळी बरणी टाकून द्यावी. मे महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून मी एकदा अर्धा किलो घेऊन माळ्यावर ठेवली होती. ती श्रावणात माडाच्या आळ्यात गेली.

आणखी एक शत्रू म्हणजे तपकिरी रंगाचा बारीक भुंगेरा. स्वयंपाकघरात हळद, धणे, मिरची यांत जो होतो तोच तंबाखूतही होतो. पानांना टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे दिसली तर तो आत आहे असे समजावे. म्हणून मसाल्याच्या फळीवर तंबाखू ठेवू नये. शंका आल्यास बंद बरणी डीप-फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावी आणि बाहेर काढल्यावर तिचा गारवा पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर आत दव धरते आणि भुंगेऱ्याच्या जागी बुरशी येते.

पाइप आणि भरणी

बर्लीसाठी महाग पाइप लागत नाही. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचे पाइप अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी 1869 पासून बनत आहेत. ते हलके, स्वस्त असतात आणि सच्छिद्र असल्यामुळे ओलावा पितात, म्हणून आपल्या हवेला मानवतात. ब्रायरचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरलेला पाइप अधिक टिकतो, पण एका ब्रायरवर पावसाळा काढता येत नाही. तो दोन दिवस सुकावा लागतो, तेव्हा निदान दोन-तीन तरी हवेत. बर्लीच्या पाइपमध्ये सुगंधी तंबाखू कधीही ओढू नये, कारण लाकडाची आठवण दांडगी असते.

भरताना तंबाखू मोकळी करून वाटीत वरून नुसती सोडावी, काठोकाठ भरली की बोटाने हलकेच अर्ध्यावर दाबावी. पुन्हा सोडून थोडी अधिक दाबावी. तिसऱ्या खेपेस काठाच्या किंचित खाली राहील अशी बसवावी. तळाशी सैल आणि वर घट्ट, हे सूत्र आहे. न पेटवता ओढून पाहावे. शहाळ्यातून नळीने पाणी ओढताना जेवढा अडसर जाणवतो तेवढा इथे जाणवला पाहिजे. मलईचा तुकडा नळीत अडकल्यासारखे वाटले तर सगळे काढून पुन्हा भरावे. बाहेरून डिवचून ते सुधारत नाही, हे मी अनेकदा करून पाहिलेले आहे.

पेटवणे आणि ओढणे

आगपेटी पावसाळ्यात सादळते, म्हणून ती तांदूळ भरलेल्या डब्यात ठेवावी. काडी पेटवल्यावर गंधकाचा भपका जाऊ द्यावा, मग ज्योत वाटीवर गोल फिरवत तीन-चार हलके झुरके घ्यावेत. तंबाखू फुगून वर येते आणि विझते. हा पेटवण्याचा खोटा फेरा आहे. वरची काळी राख सपाट टोकाच्या दांडीने फक्त टेकवावी, दाबू नये, आणि दुसऱ्या काडीने पुन्हा सगळीकडून पेटवावे. खाडीवरून वारा येत असेल तर पाठ वाऱ्याकडे करून बसावे. वाऱ्यात वाटी भात्यासारखी तापते आणि बर्ली करपते.

यापुढे शक्य तितके कमी करायचे असते. झुरका चहाच्या बशीतल्या घोटाएवढा असावा, आणि दोन झुरक्यांत चार-पाच श्वास जावेत. वाटी गालाला लावून पाहावी. सोसवत नसेल तर पाइप खाली ठेवून गप्पा माराव्यात. विझला तर विझू द्यावा. आमच्या वाडीत जहाजावरून निवृत्त होऊन आलेले एक काका आहेत, ते एका वाटीला सात-आठ काड्या लावतात आणि पाऊण तास पुरवतात. त्यांच्या शेजारी बसून मी जेवढे शिकलो तेवढे कोणत्या पुडक्यावर छापलेले नसते. पुन्हा पेटवण्यात कमीपणा वाटून घेणारा माणूस बर्लीच्या वाट्याला जाऊ नये.

विड्याच्या पानातली तंबाखू लागते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बर्लीही तशीच लागते, आणि अनपेक्षितपणे लागते, कारण माणूस धूर आत घेत नाही म्हणून निर्धास्त असतो. उचकी ही पहिली खूण, मग कपाळावर घाम, मळमळ, गरगरणे. उचकी लागताच पाइप ठेवून द्यावा, मोकळ्या हवेत बसावे, गुळाचा खडा किंवा कोकम सरबत घ्यावे. उपाशीपोटी तर बर्ली मुळीच ओढू नये.

नंतर

वाटीच्या तळाशी थोडी ओली तंबाखू उरतेच. ती संपवण्याचा हट्ट धरू नये, तिथे चव नसते, नुसता खार असतो. पाइप गरम असताना नळी वाटीपासून वेगळी करू नये, सांधा सैल पडतो. निवल्यावर नळीतून कोरडा पाइप क्लीनर फिरवावा आणि तो आतच ठेवून पाइप वाटी खाली करून ठेवावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा क्लीनर मद्यार्काने ओला करून फिरवला नाही तर नळीत बुरशी धरते. वाटीत जमणारा काजळीचा थर रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका राखावा. त्याहून वाढला की तो तापून लाकडाला तडा देतो. काळ्या रबराची मुखनळी उन्हात राहिली तर हिरवट-तपकिरी पडते, म्हणून पाइप खिडकीत ठेवू नये.

साठा किती करावा, याचे उत्तर बर्लीपुरते सोपे आहे. व्हर्जिनिया वर्षानुवर्षे ठेवली की तिच्यातली साखर मुरून ती सुधारते. बर्लीत मुरायला साखर नाही, म्हणून जुनी केल्याने तिचा फारसा लाभ होत नाही. दोन-तीन महिन्यांपुरतीच घ्यावी, आणि पावसाळ्याची बेगमी करताना तांदूळ, आमसुले, सुकी मासळी यांच्या यादीत तिला शेवटी ठेवावे. एकसुरी वाटू लागली तर तीन भाग बर्लीत एक भाग व्हर्जिनिया मिसळून पाहावी. धुराचा खरखरीतपणा कमी होतो आणि आठळ्यांच्या चवीला थोडा गुळाचा हात लागतो. मिश्रण निदान आठवडाभर बंद बरणीत राहू द्यावे आणि बरणीवर प्रमाण व तारीख लिहून चिकटवावी. मी स्वतः ती लिहीत नाही, आणि दर वेळी झाकण उघडून वासावरून ओळखायला जातो, तेवढ्यात थोडी हवा आत गेलेली असते.